गाणारी नाटके

दक्षिण कोकणात भाताची कापणी आटोपली, की ग्रामदेवतांच्या जत्रांना प्रारंभ होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर वेशीवर खारेपाटण हे जुने बंदराचे गाव आहे. तेथून दक्षिणेस सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे जावे, तसतशी या जत्रांतून दशावतारी नाटकांची रेलचेल आढळते. रात्री देवळापुढे पखवाज व पायपेटी यांचा मेळ जमतो, झांजा वाजू लागतात. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग होतो आणि मग पुराणातील एखादे आख्यान पहाटेपर्यंत रंगते. शेवटी दहीहंडी फुटते. म्हणून या खेळास मालवणीत ‘धयकालो’ असेही म्हणतात.

या नाटकास लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान करावयाचे हे एकदा ठरले, की नट आपापली भाषणे रंगभूमीवरच जुळवितात. राजा प्रवेश करतो तो गातच. राणीचा शोकही पदातूनच प्रकट होतो. ही राणी म्हणजे बहुधा गावाकडचा एखादा शेतकरी असतो! एखादे पद किती वेळ घोळवावे, हे गाणाऱ्याने प्रेक्षकांचा रंग पाहून ठरवावयाचे असते.

गाण्यातून कथा सांगण्याची ही हौस इतर देशांतही आहे. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात इ. स. १६०० च्या सुमारास ‘ऑपेरा’ हा नाट्यप्रकार जन्मास आला. त्यात पात्रे बहुतेक सारे संवाद गाऊनच बोलतात आणि साथीस मोठा वाद्यवृंद असतो. मॉन्तेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ साली झाला. तो अजूनही रंगभूमीवर येतो. पुढे ऑस्ट्रियात मोझार्ट, इटलीत रॉसिनी व व्हेर्दी, जर्मनीत वाग्नर असे थोर रचनाकार झाले. मोझार्टच्या ऑपेरात थट्टा आणि कारुण्य हातात हात घालून चालतात. वाग्नरने जुन्या दैवतकथांवर प्रचंड नाटके रचली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑपेरा ओळखला जातो तो संगीतकाराच्या नावाने. त्याचे शब्द कोणी लिहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपण मात्र ‘किर्लोस्करांचे सौभद्र’, ‘देवलांची शारदा’ असे नाटककाराचे नाव घेतो.

ऑपेराचा रचनाकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो. गायकाने तो तसाच गावयाचा असतो. त्यामुळे कोणती भूमिका कोणत्या कंठाने गावी, हेही आधीच ठरलेले असते. स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजास सोप्रानो म्हणतात. नायिका बहुधा सोप्रानो असते. त्याखाली मेझो-सोप्रानो आणि सर्वांत खाली काँट्राल्टो. पुरुषांत टेनर हा उंच आवाज बहुधा नायकाचा, बॅरिटोन मधला, आणि बास हा खोल, गंभीर आवाज राजाचा, पुरोहिताचा किंवा एखाद्या वृद्धाचा. विशेष हे, की हे गायक वाद्यवृंदावर मात करून, ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवितात.

मराठीत अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. येथे शब्द लिहिलेले होते. दशावतारातील तात्कालिक भाषणांचे स्वातंत्र्य गेले. पण सुरांचे स्वातंत्र्य राहिले. चाल नेमून दिलेली असली, तरी तिचा विस्तार करणे गायकाच्या हाती होते, आणि पेटीवाला आपली पट्टी नटाच्या गळ्याशी जुळवून घेई. चालींचे महत्त्वही पुढे वाढले. ‘मानापमान’ (१९११) नाटकास गोविंदराव टेंब्यांनी, तर ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकास भास्करबुवा बखल्यांनी अशा चाली दिल्या, की गवयांच्या मैफलीतही ती पदे गायिली जाऊ लागली.

पट्टी अशी सैल असल्यामुळेच पुरुषांना स्त्रीभूमिका गाता आल्या. बालगंधर्वांनी ती कला शिखरास नेली. केशवराव भोसले यांनी तर बालवयातच शारदेची भूमिका गाजविली. पण मुलाचा आवाज बारा-चौदाव्या वर्षांच्या सुमारास फुटू लागतो, आणि नाटक मंडळीतील गाणाऱ्या मुलाची सारी मिळकतच त्या गळ्यावर असे. कित्येकांचा गळा या वयानंतर पूर्वीसारखा राहत नसे. केशवरावांचा आवाज मात्र तेजस्वी राहिला. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली आणि ते नायकाच्या भूमिका करू लागले. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी होते. त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचा अंत झाला. पुढे हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायिका रंगभूमीवर आल्या आणि स्त्रीभूमिका स्त्रियांच्या कंठातून ऐकू येऊ लागल्या.

विषयांच्या बाबतीत या दोन परंपरा कधी कधी अगदी जवळ येतात. रॉसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ (१८१६) या ऑपेरात बार्तोलो नावाचा वृद्ध वैद्य आपल्या आश्रयास असलेल्या तरुण मुलीशी, तिच्या धनासाठी, लग्न लावू पाहतो. न्हावी फिगारो त्याची फजिती करतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातही वृद्ध भुजंगनाथ नवरदेव बनतो. त्याचे सोंग पाहून हसू येतेच. पण येथे लोभी पिताच पैशांसाठी मुलीस विकावयास निघाला आहे, आणि अशी लग्ने प्रेक्षकांच्या स्वतःच्या गावांतून होत होती. त्यामुळे हसता हसता ते गप्प होत.

पुढे १९२९ साली बालविवाह रोखणारा कायदा झाला. लोक त्यास ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, आणि हे नाव नाटकावरून पडले असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते कायद्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा वर्षे ठरविले. आज ते अठरा आहे.