फॉर्म, खिडकी आणि ‘आपण’

मागच्या उन्हाळ्यात मी एका कार्यालयात महिनाभर इंटर्नशिप केली. पहिल्या दिवशी वागणुकीच्या नियमांचा छापील कागद मिळाला: वेळेवर या, ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या, वरिष्ठ बोलत असताना मोबाईल बघू नका. मी सगळं पाळलं. तिसऱ्या आठवड्यात साठीच्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. दोन रकाने रिकामे होते. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “मावशी, फॉर्म अपूर्ण आहे, पूर्ण करून आणा.” त्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. कोणते रकाने, हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना वाचता येतं का, हेही विचारलं नव्हतं. आणि तरी कागदावरचा एकही नियम मी मोडला नव्हता!

हे मनात टोचत असताना सिस्टर राणी मारिया वट्टलिल यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. जन्म १९५४, केरळमधलं पुल्लुवळी हे गाव. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातल्या धर्मभगिनी. १९९२ मध्ये त्या मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, उदयनगरला आल्या. (देवास म्हटलं की आपल्याला पवारांची दोन संस्थानं आणि कुमार गंधर्व आठवतात. उदयनगर म्हणजे त्याच जिल्ह्यातला आदिवासी भाग.) २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर पन्नासहून अधिक वार झाले. मारेकरी समुंदर सिंह याला त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सिस्टर राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं.

चर्चमध्ये आपण ऐकतो ते बहुधा इतकंच, मृत्यू आणि क्षमा. मला मात्र त्याआधीची तीन वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण ती नोकरीच्या भाषेत सांगता येतात. त्यांचं काम वरवर पाहता साधंच होतं. सरकारी योजना कोणत्या, बँकेचं कर्ज कसं मिळतं, बचत गट कसा चालवायचा, हे भूमिहीन, कर्जात अडकलेल्या माणसांना समजावून सांगायचं. त्यासाठी मल्याळम मातृभाषा असलेल्या बाईने आधी हिंदी शिकायची. माहिती पोहोचली तशी सावकारांवरची भिस्त कमी होऊ लागली, आणि ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनीच हा खून घडवून आणला. म्हणजे समोरच्याला पूर्ण माहिती देणं ही तिथे किरकोळ गोष्ट नव्हती.

आपल्या ऑफिसात त्यासाठी कुणी चाकू काढत नाही. पाच मिनिटं जातात, एवढंच. तीसुद्धा मी दिली नव्हती, मग माझ्या गोड आवाजाला शिष्टाचार कसं म्हणू?

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून एक गंमत सांगते. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की साहेब, शिपाई सगळे आले. मराठीत आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतून निवडावं लागतं, आणि ऑफिसात ही निवड बहुतेक वेळा पगार बघून होते. पन्नाशीच्या शिपायाला ‘अरे’, पंचविशीच्या साहेबाला ‘सर, आपण’. पण ‘आपण’ला दुसराही अर्थ आहे. “आपण बसा” यात फक्त समोरचा माणूस येतो. “आपण हा फॉर्म भरू” यात मीसुद्धा येते. त्या दिवशी मला हे दुसरं वाक्य हवं होतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी बँकेचे दोन कोरे फॉर्म आणणार आहे. ‘नामनिर्देशन’, ‘तारण’, ‘हमीदार’ हे शब्द कधीच शाळेत न गेलेल्या माणसाला कसे सांगाल, ते घरून ठरवून या. मी आईवर करून पाहिलं. ‘नामनिर्देशन’लाच अडकले.