आखूड पंखांचा किडा

पाथर्डी

चि. सोनूस,

तुझं पत्र आणि फोटो पोचले. कळसूबाईच्या बाजूला पालापाचोळा चाळून काढलेला तो किडा मी मोबाईलवर मोठा करून करून पाहिला. रोव्ह बीटलच आहे, त्यात वाद नाही. वरचे कडक पंख आखूड बंडीसारखे अर्ध्यावर संपलेले, मागे सगळं पोट उघडं, खांदे उतरलेले. खालचे उडायचे पंख नावापुरतेच उरलेत असं तू लिहितेस. आणि लगेच पुढच्या ओळीत, 'मामा, नवीन जात आहे, नाव काय ठेवू?' बाई गं, जरा दम धर.

पंख आखूड असणं हा धागा आहे, पुरावा नाही. या कुळात एकाच जातीत काही किडे लांब पंखांचे आणि काही आखूड पंखांचे निघतात. तेव्हा आधी पोटाच्या सातव्या पाठपट्टीची मागची कड पाहा. उडणाऱ्या जातींत तिथे पांढुरकी, बारीक झालर असते. उडणं सुटलेल्या जातींत ती बहुधा गेलेली असते. फोटोत हे दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली, बाजूने उजेड टाकून बघ.

तुझ्या शंकेत दम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वोलॅस्टन यांनी मदिरा बेटावरचे भुंगे अभ्यासले होते. त्यांतल्या 550 पैकी सुमारे 200 जातींना उडता येत नव्हतं, आणि डार्विननं ते आपल्या ग्रंथात नोंदवलं. वाऱ्यानं समुद्रात फेकला जाणारा किडा मरतो, जमिनीला धरून राहणारा वाचतो, अशी त्याची मांडणी. डोंगरमाथ्यावरही काहीसं तसंच. ओलसर पाचोळ्यात खाणं-पिणं सगळं हाताशी असेल तर पंख आणि उडायचे स्नायू पोसायचा खर्च कशाला? पण पंख गेले की दरी ओलांडता येत नाही, आणि माथ्यामाथ्यावर वेगळी जात घडू शकते. चीन, तैवान, नेपाळच्या डोंगरांत लॅथ्रोबियम या एकाच प्रजातीत अशा कितीतरी न उडणाऱ्या जाती नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणूनच तुझं काम वाढतं. कळसूबाई 1646 मीटर, हरिश्चंद्रगड 1424, मध्ये रतनगड. तुझा किडा एकाच माथ्यावरचा आहे की तिन्ही ठिकाणी तोच, हे पाहिल्याशिवाय लिहायला बसू नकोस. पावसाळ्यात पुन्हा जा. परिसर अभयारण्याचा आहे, वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच जा. नमुने आधी आणि कागद मागाहून, असं चालत नाही.

आता किचकट भाग. या कुळात साठ हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि वरून कित्येक एकसारख्या दिसतात. निर्णय बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावरच होतो. वाळलेला किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाचं टोक सुईनं हळूच उकलायचं, तो भाग साफ करून बाजूनं आणि खालून चित्र काढायचं. फोटो पुरत नाही. पेन्सिल हातात घेतलीस की न दिसलेला काटा दिसतो. मादी एकटीच असेल तर थांबायचं. नर-मादी मिळून बरेच नमुने असले म्हणजे कोणता फरक जातीचा आणि कोणता त्या एका किड्याचा, ते कळतं. काही नमुने डीएनएसाठी कडक अल्कोहोलमध्ये वेगळे ठेव.

मग जुनं वाचन. माल्कम कॅमेरॉन हे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. भारतातल्या रोव्ह बीटलवरचे त्यांचे चार खंड 1930 ते 1939 या काळात आले. ते आधी वाचून काढ. त्यानंतरचे निबंध निरनिराळ्या भाषांत विखुरलेले आहेत. तेही गोळा करावे लागतील. कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. शंका आली तर तिथल्या मूळ नमुन्याचे फोटो मागव. शंभर वर्षांपूर्वी कुणी दिलेलं नाव पुन्हा नव्यानं दिलंस, तर ते निस्तरण्यात पुढच्या माणसाची उमेद जाते. अशी 'नवी' नावं रद्द करत बसलेले अभ्यासक या क्षेत्रात भरपूर आहेत.

वर्णनात एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला ते लिहावं लागतं. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्यानं नवी जात अधिकृत संग्रहालयाला कळवणं आणि तिथं नमुना देणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तुझ्या बसच्या वाटेवर. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या नोंदवहीत नोंद हवीच, नाहीतर नाव धरलंच जात नाही. आणि चिठ्ठीवर 'कळसूबाई' एवढंच लिहून भागत नाही. उंची, तारीख, कुठल्या झाडाखालचा पाचोळा, चाळला कुणी, सगळं पक्क्या शाईत.

नावाचं शेवटी. गावच्या पुढाऱ्याचं नको, मामाचं तर मुळीच नको. 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, इशियस तुकारामी. ते मला पटलं. पण डोंगराचं नाव दिलंस तरी बिघडत नाही. पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला निदान कुठं जायचं ते कळेल.

तोवर हात बसव. आपल्या गोठ्यातल्या शेणात रोव्ह बीटल भरपूर आहेत, वृद्धेश्वरच्या झाडीतही पाचोळा चाळून पाहा. पावसाळ्यात दिव्यावर येणारा तो काळा-केशरी पेडेरस मात्र बोटांनी चिरडू नकोस, कातडीवर फोड उठतात. या साध्या किड्यांची जननेंद्रियं न चुकता काढता आली, की मग कळसूबाईच्या त्या किड्याला हात लाव.

दिवाळीला येताना नमुने आणू नकोस, एसटीत पाय मोडतात. चित्रं आण.

तुझा,
मामा