तू नक्की करतेस काय?

अगं, काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता, म्हणून आज जरा निवांत बोलूया. आठ वर्षं संस्था चालवलीस, मग कंपनी आणि गावं यांच्यातला संवाद सांभाळलास, आता नाट्यमहोत्सव बघतेस. स्वतंत्र सल्लागार म्हणून उभी राहायला निघालीस आणि घरचे विचारतात, "तू नक्की करतेस काय?" या प्रश्नाने तू खचलीस, हे मला कळतं.

कमलादेवी चट्टोपाध्यायांचं आयुष्य एकदा नीट वाच. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं संघटन, १९३० मध्ये मुंबईत मिठाचा सत्याग्रह, पुढे हस्तकला मंडळ आणि संगीत नाटक अकादमी. मला त्या सगळ्यांत जवळच्या वाटतात फरीदाबादमुळे. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी आपलं गाव आपल्याच हातांनी बांधावं, म्हणून कमलादेवींच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने जिवाचं रान केलं. कारागिरांच्या वस्तूंना बाजार मिळवतानाही त्यांची धडपड तीच होती. कामं अनेक, पण धागा एक: माणूस स्वतःच्या पायावर उभा राहावा. तुझ्या कामांतही मला तोच दिसतो.

आता चार गोष्टी मनात ठेव.

गावात गेलीस की पैसे कोण देतंय हे पहिल्याच बैठकीत सांग. ते उशिरा कळलं, तर तुझ्या चांगल्या कामाकडेही लोक संशयाने बघतात.

कागदपत्रांना कंटाळू नकोस. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जायला हवा. तो राहिला, की वर्षानुवर्षं जुनेच विश्वस्त नोंदीत राहतात आणि पुढची कामं अडतात. सीएसआरचे पैसे, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के, पारंपरिक कला आणि हस्तकलेलाही देता येतात. पण ज्या संस्थेमार्फत काम करायचं, तिच्याकडे प्राप्तिकर खात्याची आणि सीएसआर-१ची नोंदणी लागते. कितीतरी गुणी कलापथकं इथेच अडतात. कंपनीची भाषा तुला येते, कलावंतांचीही येते. तुझी खरी गरज या फटीत आहे.

अंदाजपत्रकात कलावंतांचं मानधन पहिल्या ओळीत लिही. मंडप, साउंड, बॅनर सगळ्यांचे आकडे ठरतात आणि गाणाऱ्या बाईच्या हातात शाल-श्रीफळ येतं. तुझ्या कार्यक्रमात असं होऊ देऊ नकोस.

आणि मिळालेल्या देणगीवर टक्केवारी कधीच घेऊ नकोस. कामाची फी ठरव, लेखी ठरव. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच नोकरी सोड, म्हणजे नको ते काम नाकारायचं बळ राहील.

माझी एक चूक सांगते. सल्लागार म्हणून पहिल्याच वर्षी बचतगटांच्या एका संघासाठी मी जाडजूड इंग्रजी अहवाल केला. बैठकीत एका बाईने तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ताई, यात आमचं काय लिहिलंय?" मी तिच्याकडे बघू शकले नाही. घरी येऊन दोन पानं मराठीत लिहिली, सतरंजीवर बसून त्यांना वाचून दाखवली. त्यांनी त्यात सात दुरुस्त्या सांगितल्या, सातही बरोबर होत्या. तेव्हापासून मी आधी वाचून दाखवते, मगच सही करते. पुढची दोन वर्षं जाऊन त्यांना हिशेबाची वही आणि ताळेबंद वाचायला शिकवलं.

आज त्या बायका बँकेशी, कंपनीशी स्वतः बोलतात. कामासाठी मला कुणी बोलावत नाही. संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाचा फोन न चुकता येतो, आणि मी जाते.