पावसांत गळणाऱ्या कौलारू छपराची दुरुस्ती

कौलारू घराची शाकारणी मृगापूर्वीं, म्हणजे ७ जूनच्या आंत, आटोपावी हा नियम शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. परंतु वळवाच्या सरी लवकर लागल्या, किंवा पेरणीच्या घाईंत कौलें चाळावयाचें राहून गेलें, म्हणजे भर पावसांत छप्पर गळूं लागतें. अशा वेळीं ‘आतां दसऱ्यानंतर पाहूं’ असें म्हणणें नुकसानीचें होय. बियाण्याची कणगी भिजली तर पेरणीचाच खोळंबा होतो; आणि वासे व रिपा सतत ओल्या राहिल्या तर लांकूड कुजून एका कौलाचा खर्च सबंध पाख्यावर जातो. उलटपक्षीं, घाईनें ओल्या छपरावर चढणें हें जिवावरचें काम आहे. म्हणून या कामाचा क्रम नीट समजून घ्यावा.

१. गळती शोधणें.—पाणी ठिबकतें तेथेंच कौल फुटलेलें असतें असें नाहीं. फटींतून शिरलेलें पाणी वाशाच्या उतारानें बरेंच खालीं येऊन मग टपकतें. याकरितां पाऊस चालू असतांनाच आंतून ओल्या वाशाचा माग आढ्याच्या दिशेनें घ्यावा, व ओल जेथें संपेल तेथें कोळशानें खूण करावी. हें काम उन्हांत होत नाहीं. एवढ्यापुरता पाऊस आपला साहाय्यकच समजावा.

२. आंतून उपाय.—मंगळुरी कौलें (यांचा पहिला कारखाना बासेल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं काढला) खांचेनें एकमेकांत बसतात व बहुधा खिळ्यांनीं ठोकलेलीं नसतात. छपराखालीं तक्तपोशी नसल्यास आंतूनच शिडीवर उभें राहून वरचें कौल किंचित् उचलावें, फुटकें काढावें व नवें सरकवावें. नवें कौल हाताशीं नसेल तर पत्र्याचा तुकडा घालावा. त्याची वरची कड वरच्या कौलाखालीं व खालची कड खालच्या कौलावर आली पाहिजे. उलट बसविल्यास तोच पत्रा पाणी घरांत आणतो. कोंकणांत याच कामीं पोफळीची विरी चालते.

३. वर चढावयाचें झाल्यास.—उघडीप मिळाली तरी शेवाळलेलीं कौलें वाळल्यावांचून चढूं नये. शिडीचा माथा चार हात उंच टेकत असेल तर पाया भिंतीपासून एक हात दूर असावा. माथा दोरानें बांधावा व खालीं एक मनुष्य उभा करावा. पाख्यावर दुसरी शिडी निजवून ती आढ्यास घट्ट बांधावी व तिच्यावरूनच चालावें, म्हणजे वजन वांटलें जातें. सिमेंटच्या पत्र्यांवर तर थेट पाय कधींच ठेवूं नये. ते वरून धड दिसले तरी एकाएकीं मोडतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर तत्काळ उतरून घरांत जावें, व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें लोटल्यावांचून पुन्हां चढूं नये.

४. ताडपत्री.—मोठी गळती असल्यास ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हातभर तरी न्यावी. आढ्याच्या अलीकडेच ठेवल्यास पाणी तिच्याखालीं शिरतें. वर सुटे दगड ठेवूं नयेत. वाऱ्यानें ते खालीं येतात. वाळूच्या पिशव्या दोरानें बांधून दोहों बाजूंस सोडाव्या.

५. काय करूं नये.—आढ्यावरच्या कौलांचा चुना किंवा सिमेंट पावसांत लावूं नये. घट्ट होण्यापूर्वींच सर आली तर मसाला धुपून जातो व केलेला खर्च वाया जातो. तोंवर ताडपत्रीवरच निभावावें.

दसऱ्यानंतर खूण केलेल्या जागीं वासा टोंच्यानें टोंचून पाहावा. टोंच्या सहज आंत गेला तर लांकूड कुजलें किंवा वाळवीनें खाल्लें आहे असें समजून तो बदलावा. त्याच मापाचीं पंचवीस-तीस कौलें पडवींत राखून ठेवावीं. म्हणजे पुढील वर्षीं भर पावसांत कौलांसाठीं बाजार गांठण्याची पाळी येणार नाहीं.