गल्ल्यातला पैसा कुणाचा?

दुकान थाटतोयस, चांगलं आहे. पंखे, वायरी, स्विच यांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तुझ्या काकांच्या दुकानाची रोजकीर्द मी लिहीत आले, तेव्हा करापुरतं माझं ऐक.

फक्त माल विकणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नाही. एकदा नोंदणी घेतलीस की मात्र गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारचा. समज, ८० हजारांचा माल आणलास, त्यावर १८ टक्क्यांनी १४,४०० कर दिलास. तोच माल लाखाला विकून १८ हजार कर घेतलास. खरेदीवर दिलेला कर वजा करून सरकारला भरायचे फक्त ३,६००. पण तुझ्या व्यापाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात दाखवलंच नाही, तर वजावट अडते आणि पूर्ण १८ हजार तुलाच भरावे लागतात. म्हणून १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर येणारं २बी, म्हणजे व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या तुझ्या खरेदीचं विवरण, उघड, बिलांशी ताडून बघ, आणि मगच २० तारखेचा भरणा कर. स्वस्त देतो पण बिलाचं नाव काढत नाही, अशा व्यापाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. तो महागच पडतो.

बिलावरचा जीएसटी नंबर वाचायला शीक. पंधरा अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे मालकाचा पॅन. नंबर पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ते कळतं.

जीएसटीची कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर, घ्यावी का, विचारत होतास. व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का, तोही पदरचा. बिलात कर लावता येत नाही आणि खरेदीवरची वजावट विसरायची. गिऱ्हाईक घरगुती असेल तर जरूर घे. कंत्राटदार येणार असतील तर नको. त्यांना वजावट मिळणारं बिल लागतं, नाहीतर ते पुढच्या दुकानात जातात.

दुकान एकट्याचं, म्हणून त्याचा नफा तुझ्याच पॅनवर. प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, पण म्हणून विवरणपत्र चुकत नाही. बँकेत कर्जाला गेलास की पहिलं तेच मागतात. घरखर्चाचं खातं वेगळं ठेव, हे तर तुझ्या काकांनाही शेवटपर्यंत जमलं नाही! रोखीत एका माणसाकडून दिवसाला २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नकोस; घेतलेस तर तेवढाच दंड. आणि एकाला दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिलेस, तर तो खर्च सहसा धरत नाहीत.

व्यवसाय कर वर्षाला २,५०० असतो. रक्कम लहान, म्हणूनच विसरली जाते.

शेवटचं: एखाद्या महिन्यात विक्री शून्य झाली तरी जीएसटीचं निरंक विवरण भरायचंच. नाही भरलंस तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत राहतं, आणि मागचं भरल्याशिवाय पुढचं भरता येत नाही.