रक्त गोठेनासे होते तेव्हा

जानेवारीची रात्र आहे आणि हजीरा चौराह्यावर एका मोटारसायकलस्वार तरुणाला ट्रकची धडक बसली आहे, असे क्षणभर गृहीत धरू. ग्वाल्हेरच्या थंडीत तो अर्धा तास रस्त्यावर पडून राहतो. बाहेर रक्त फारसे दिसत नाही, कारण ते मोडलेल्या कटिरास्थीभोवती आतच साठत असते. तो अतिदक्षता विभागात पोहोचतो तेव्हा सुई टोचलेल्या जागांतूनही रक्त पाझरू लागलेले असते. शल्यचिकित्सकाने शिवलेली जखम ओलीच राहते.

रक्त पातळ झाल्यामुळे, म्हणजे आपणच दिलेल्या सलाइनमुळे असे होते, असे पूर्वी शिकविले जाई. ते अर्धसत्य होते. 2003 साली लंडनच्या करीम ब्रोही व सहकाऱ्यांनी 1,088 जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांची रक्तगोठण प्रक्रिया रुग्णालयात येतानाच बिघडलेली होती. या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण 46 टक्के होते, तर इतरांमध्ये ते 11 टक्क्यांच्या आत होते. ऊतींची मोठी हानी आणि रक्तपुरवठ्याची कमतरता एकत्र आली की रक्तवाहिन्यांच्या अस्तराजवळ ‘प्रोटीन सी’ सक्रिय होते. गोठण्याचे काही घटक त्यामुळे निष्प्रभ होतात आणि झालेली गुठळीही विरघळू लागते. फायब्रिनोजेन सर्वांत आधी घटते. त्यातच शरीर थंड पडले व रक्तातील आम्लता वाढली की हे दुष्टचक्र थांबविणे कठीण होते. अतिदक्षता विभागातील हा आजार चौराह्यावरच सुरू झालेला असतो.

आमच्या पिढीने रक्तदाब वर येईपर्यंत सलाइन ओतावयाचे, एवढेच गिरविले. थंडगार सलाइनच्या बाटल्यांनी रक्त विरळ होते, शरीर गार पडते आणि आम्लता वाढते, हे मान्य करावयास आम्हांस वेळ लागला. रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा रक्तदाब 80 ते 90 च्या दरम्यान राखणे आता पुरेसे मानले जाते. मेंदूला इजा असल्यास मात्र हा नियम लागू नाही. प्रमाणाबाहेर रक्त गेलेल्या रुग्णाला लाल पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट समप्रमाणात द्याव्यात. 2015 मधील 680 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत एकूण मृत्युदरातील फरक निर्णायक ठरला नाही. परंतु पहिल्या 24 तासांत रक्तस्रावाने दगावणाऱ्यांचे प्रमाण 14.6 वरून 9.2 टक्क्यांवर आले. गोठविलेला प्लाझ्मा वितळण्यास सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून त्याची मागणी पहिल्या पिशवीबरोबरच पाठवावी. रक्ताच्या पिशवीतील सायट्रेट रुग्णाचे कॅल्शियम खेचून घेते. ते भरून काढावयाचे अनेकदा राहून जाते. फायब्रिनोजेन लिटरला दीड ग्रॅमच्या खाली गेल्यास क्रायोप्रेसिपिटेट द्यावे. गुठळीची बळकटी मोजणारे यंत्र नसल्यास सर्पदंशाच्या रुग्णांत आपण वापरतो ती वीस मिनिटांची काचनळीची चाचणी ढोबळ अंदाज देऊ शकेल. मात्र ती ठीक आली म्हणून निश्चिंत होऊ नये.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जुन्या ओळखीचे. जपानच्या उताको व शोसुके ओकामोटो या दांपत्याने त्याचा शोध 1962 साली जाहीर केला. 2010 मध्ये 40 देशांतील 20,211 जखमींवरील चाचणीने त्याला नवे स्थान दिले. एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढील एक ग्रॅम आठ तासांत दिल्याने मृत्यू 16 वरून 14.5 टक्क्यांवर आले. फरक लहान वाटेल, परंतु औषध अतिशय स्वस्त आहे. त्याच दशकात पुष्कळ गाजलेला, अत्यंत महागडा पुनःसंयोजित सातवा घटक मृत्युदर कमी करू शकला नाही! ट्रॅनेक्झॅमिक आम्ल पहिल्या तासात सर्वाधिक उपयोगी पडते. तीन तासांनंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. म्हणून अपघाताची नेमकी वेळ माहीत असणे हा उपचाराचाच भाग आहे.

रक्तस्राव आटोक्यात आल्यावर वारे उलटे वाहू लागते. तेच रक्त आता अवाजवी गोठते आणि पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाऊन बसते. पहिल्या दिवशी रक्तस्रावाशी झुंजलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी हेपॅरिन द्यावयास धजत नाही, हे स्वाभाविक आहे. तरीही रक्तस्राव खात्रीने थांबल्यापासून 24 तासांत ते सुरू करावे. तोपर्यंत पायांना हवेच्या दाबाची पट्टी लावावी. मेंदूत रक्तस्राव असेल तर निर्णय वेगळा, तो मेंदूशल्यचिकित्सकाबरोबर घ्यावा.

वैद्यकेतर वाचकांसाठी दोन शब्द. मध्यरात्री नातलगांनी शोधून आणलेल्या दात्याचे रक्त तपासून व घटक वेगळे करून मिळेपर्यंत काही तास जातात. अशा रुग्णाला उपयोगी पडते ते पेढीत आधीच असलेले रक्त. आपल्याकडील शिबिरे जयंती-पुण्यतिथीला होतात, पिशव्या शंभर जमतात, पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. तीच मंडळी वर्षभर थोडीथोडी विभागून गेली तर पेढीचे कपाट रिकामे राहणार नाही. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती वाटते. परंतु मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले 134 अ हे कलम अशा मदतनिसास संरक्षण देते. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हातापायाचा रक्तस्राव तेवढ्याने न थांबल्यास जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी आणि ती कधी बांधली ते लिहून ठेवावे. ओले कपडे काढून घोंगडी पांघरावी, आणि अपघात किती वाजता झाला हे रुग्णालयातील पहिल्या डॉक्टरास न विचारताच सांगावे.