मवाळांचे इंग्रज मित्र आणि सक्तीचे शिक्षण

मवाळ आणि जहाल ही जोडी आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. इंग्लंडातील उदारमतवादी मवाळांकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. त्या दृष्टीचा एक धागा इटलीपर्यंत जातो. १८५०-५१ च्या हिवाळ्यात ग्लॅडस्टन नेपल्सला गेले. पोएरिओंसारखे संयमी, संविधाननिष्ठ लोक तेथील तुरुंगात बेड्यांत पाहून त्यांनी जाहीर पत्रे प्रसिद्ध केली. सुशिक्षित, कायदा मानणारा, क्रांतीपासून दूर राहणारा नेता म्हणजेच राष्ट्र, असा उदारमतवाद्यांचा समज होता. १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, तेव्हा मताधिकार जेमतेम शेकडा दोन लोकांना होता. दक्षिणेतील भूमिहीन शेतमजूर त्यात कोठेच नव्हता.

या ग्लॅडस्टनचे चरित्र जॉन मॉर्ले यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९०५ च्या अखेरीस ते भारतमंत्री झाले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना लंडनमध्ये भेटत व मॉर्ले त्यांचे म्हणणे आदराने ऐकत. तरीही हिंदुस्थानात संसदीय राज्यपद्धती आणण्याचा आपला हेतू नाही, असे मॉर्ले यांनी १९०८ मध्ये लॉर्ड्स सभागृहात स्पष्ट केले आणि केंद्रीय कायदेमंडळात सरकारी बहुमत राखले.

त्या बहुमताची किंमत कोणी मोजली? गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधात काही हिंदी जमीनदारही होते, हे विसरून चालणार नाही.

गोखल्यांविषयी आम्हांला आदर आहे. १९०३ मध्ये धारवाडला अस्पृश्यतेविरुद्ध ते निर्भीडपणे बोलले होते. परंतु त्यांचे विधेयकही मवाळच होते. जेथे शेकडा ३३ मुले आधीच शाळेत आहेत, अशाच भागात सक्ती करावी, हे प्रमाण त्यांनी सुचविले. अक्राणीच्या डोंगरात जेथे शाळाच नव्हती, तेथे हे शेकडा ३३ कोठून येणार? ज्याला शाळेची सर्वाधिक गरज, तोच अटीबाहेर!

बडोदे संस्थानाने १९०६ मध्येच सर्वत्र सक्ती लागू केली होती. आमच्या नवापूरच्या सीमेपलीकडील सोनगड त्याच संस्थानात होते. तेथे सयाजीरावांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृह चालविले. गोखल्यांनी बडोद्याचा दाखला कायदेमंडळात दिलाही, पण ऐकणाऱ्यांना तो पटला नाही. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.